वर्षाला एकच मराठी सिनेमा: २००९ ते २०२५, आणि वर्ष नेमकं कुठलं धरायचं

डिसेंबर आला की 'या वर्षीचे माझे दहा' अशा पोस्टी धडाधड पडायला लागतात. दहाच्या यादीत कुणालाच नाही म्हणावं लागत नाही. आठवा आठवा का आणि नववा नववा का, याला उत्तर नसतं. वर्षाला एकच नाव ठेवायचं ठरवलं की मात्र जीव खालीवर होतो, आणि आपल्याला सिनेमात नक्की काय भावतं ते तेव्हाच कळतं. म्हणून ही यादी. फक्त मराठी, वर्षाला एक, २००९ पासून. ही सर्वोत्तम सिनेमांची यादी नाही, आवडत्यांची आहे.

आधी वर्षाचा हिशोब मिटवू, कारण बहुतेक याद्या तिथेच चुकतात. एका मराठी सिनेमाला तीन-तीन वर्षं चिकटलेली असतात: सेन्सॉर प्रमाणपत्राचं, महोत्सवात पहिल्यांदा दाखवला त्याचं आणि थिएटरला लागला त्याचं. राष्ट्रीय पुरस्कार प्रमाणपत्रावर चालतात. १ जानेवारी ते ३१ डिसेंबर या काळात ज्याला प्रमाणपत्र मिळालं, तो त्या वर्षाचा. म्हणून 'श्वास'चं सुवर्णकमळ २००३ सालचं, पण लोकांनी तो पाहिला २००४ मध्ये. 'शाळा'चा पुरस्कार २०११चा, प्रदर्शन २० जानेवारी २०१२ला. 'रिंगण' पुरस्काराच्या हिशोबाने २०१५चा आणि थिएटरच्या हिशोबाने २०१७चा. 'पाणी'ने तर कमाल केली: पर्यावरणाचा राष्ट्रीय पुरस्कार २०१८ सालासाठी, आणि सिनेमा पडद्यावर १८ ऑक्टोबर २०२४ला. मधली सहा वर्षं तो सामान्य प्रेक्षकासाठी नव्हताच.

१ जानेवारीला लागणारे सिनेमे आणखी घोळ घालतात. 'नटरंग' १ जानेवारी २०१०चा, 'नटसम्राट' १ जानेवारी २०१६चा. प्रमाणपत्र हातात असल्याशिवाय सिनेमा लागत नाही, म्हणजे दोघांचंही प्रमाणपत्र आदल्या वर्षाचं. 'नटरंग'ला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा पुरस्कार २००९ सालासाठी मिळाला तो यामुळेच. त्यात काही चूक नाही.

मी धरतो ते वर्ष एकच: नागपुरात तिकीट काढून, किंवा घरी अधिकृत ओटीटीवर, सिनेमा बघता यायला लागला ते. आवड बघितल्यावर तयार होते, ज्यूरीच्या बैठकीत नाही. व्हेनिसला किंवा बर्लिनला काय लागलं होतं, ते नागपूरच्या बर्डीतल्या प्रेक्षकाच्या वर्षात मोजायचं कारण नाही.

ज्यांना अशी वही ठेवायची आहे त्यांनी प्रत्येक सिनेमामागे चार गोष्टी टिपाव्यात: पाहिल्याची तारीख, कुठे पाहिला, प्रमाणपत्राचं वर्ष आणि लांबी मिनिटांत. प्रमाणपत्र सिनेमाच्या आधी साधारण दहा सेकंद पडद्यावर असतं. त्यावरच्या क्रमांकात वर्ष लिहिलेलं असतं आणि लांबीही दिलेली असते. लोक तेव्हा पॉपकॉर्नच्या रांगेत असतात. ओटीटीवर बघताना ते पुढे ढकलू नका. लांबी का टिपायची? पुढे तोच सिनेमा टीव्हीवर किंवा यूट्यूबवर दहा-पंधरा मिनिटं कमी भरला, तर गाणं नाहीतर प्रसंग गाळला आहे हे लगेच कळतं. पण दीडशे मिनिटांचा सिनेमा जुन्या डीव्हीडीवर १४४ मिनिटांचा निघाला तर घाबरू नका. सेकंदाला २४ चौकटींचा सिनेमा तिथे २५ने पळवलेला असतो, म्हणून चार टक्के कमी भरतो. कापलेलं काही नसतं.

खरा घात होतो तो चौकटीच्या आकारात. जुना ४:३ आकाराचा (रुंदी चार तर उंची तीन) सिनेमा आजच्या १६:९ पडद्यावर काठोकाठ भरून दाखवला की वरखालचा मिळून पाव भाग जातो. कपाळं कापलेली दिसतात, उभ्या माणसाचे पाय गायब होतात, श्रेयनामावलीची शेवटची ओळ अर्धी दिसते. असं दिसलं की ती प्रत बंद करा. 'संत तुकाराम' १९३६चा आहे. दोन्ही बाजूंना काळे पट्टे असलेली प्रत हीच त्याची बरोबर प्रत. पट्टे बघून 'छोटा दिसतो' म्हणणाऱ्यांनी तुकोबांचे पाय कुठे गेले तेही बघावं.

आणि नागपूरकरांसाठी: मराठी सिनेमा शुक्रवारी येतो, बऱ्याचदा एक-दोन खेळ घेऊन येतो, आणि पहिल्या तीन दिवसांच्या गर्दीवर पुढच्या आठवड्याचे खेळ ठरतात. 'पुढच्या रविवारी बघू' म्हणालात की तो दुपारी बाराला किंवा रात्री साडेदहाला सरकलेला असतो, नाहीतर उतरलेला असतो. शुक्रवार ते रविवार, एवढंच खरं.

आता यादी.

२००९ला 'गाभ्रीचा पाऊस'. 'जोगवा'ही त्याच वर्षीचा, ताकदीचा, पण माझं मत पावसाला. शेजारच्या शेतकऱ्याने जीव दिला म्हणून धास्तावलेली बायको नवऱ्यावर पाळत ठेवते, पोराला आणि सासूलाही त्या कामाला लावते. नवऱ्याच्या डोक्यात मात्र बियाणं आणि आभाळ सोडून दुसरं काही नाही. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्येवरचा सिनेमा आणि त्यात हसू येतं, तेही कुणाला खाली न ओढता. विदर्भाबाहेरच्या लेखणीला हे सहसा जमत नाही. त्यांच्या कथेतला वऱ्हाडी माणूस म्हणजे गडी नाहीतर विनोदाचा पाहुणा. चार ठिकाणी 'मले-तुले' पेरलं की झाली वऱ्हाडी, असा समज आहे. बोली क्रियापदात असते: 'करून राहिला', 'येऊन राहिली'. शिवाय अकोला-अमरावतीची वऱ्हाडी वेगळी, नागपूरची वेगळी, भंडारा-गोंदियाकडची झाडी आणखी वेगळी. एकाच घरातला बाप अकोल्याचं बोलतो आणि पोरगा भंडाऱ्याचं, असं पडद्यावर घडलं की आपला कान तिथेच अडतो. पुढचा प्रसंग कितीही भारी असो.

२०१०ला 'विहीर'. 'नटरंग' आणि 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' दोन्ही त्याच जानेवारीतले, दोन्ही गाजलेले. पण लपाछपीच्या खेळातून मृत्यूपर्यंत पोचणारी ती नात्यातली दोन पोरं मला जास्त जवळची. २०११ला 'देऊळ', त्यावर फार खल नाही. गाय हुडकताना झालेल्या दर्शनापासून गावात दुकानं उभी राहीपर्यंतचा प्रवास इतक्या बारकाईने दुसऱ्या कुणी दाखवलेला नाही. २०१२ला 'शाळा'. २०१३ मला अडचणीचं वर्ष. 'दुनियादारी'ने गर्दी खेचली, मी 'अनुमती' ठेवतो. विक्रम गोखल्यांना त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला (तो २०१२चा, इरफान खानबरोबर विभागून). बायको कृत्रिम श्वासावर आहे आणि कागदावर सही हवी आहे, एवढ्यावर अख्खा सिनेमा उभा आहे.

२०१४, १४ फेब्रुवारी, 'फँड्री'. पोराने कॅमेऱ्याकडे भिरकावलेल्या शेवटच्या दगडाबद्दल सगळे बोलतात. माझ्यासाठी सिनेमा त्याआधीच टोकाला जातो: डुक्कर हाताशी आलेलं असताना शाळेतून राष्ट्रगीत सुरू होतं आणि ते पकडायला धावणारं पोराचं अख्खं कुटुंब जागच्या जागी ताठ उभं राहतं. डुक्कर थांबत नाही. तिथे एकही संवाद नाही, आणि नको होता.

२०१५ हे या सगळ्यातलं सर्वांत दाट वर्ष. १७ एप्रिलला 'कोर्ट', २६ जूनला 'किल्ला', दिवाळीत 'कट्यार काळजात घुसली'. 'किल्ला' बर्लिनला २०१४ मध्येच बक्षीस घेऊन आला होता, 'कोर्ट' त्याच वर्षी व्हेनिसहून. पुरस्कारांच्या हिशोबाने दोघे २०१४चे, त्यामुळे अनेक याद्यांत ते 'फँड्री'शी भिडवलेले दिसतात. ती लढत प्रेक्षकाने कधी पाहिलीच नाही.

माझं नाव 'कोर्ट'. शाहिराच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने जीव दिला, असा त्यातला खटला. साक्षीच्या पिंजऱ्यातली बाई सांगते, नवरा गटारात उतरण्याआधी दगड टाकायचा. झुरळं बाहेर आली तर आत हवा आहे. कॅमेरा पुढे जात नाही, संगीत भरून येत नाही, ती इतर कुठल्याही माहितीसारखी ही माहिती देते. पुढे उन्हाळी सुट्टी लागते, कोर्टाची खोली रिकामी होते, एकेक दिवा मालवला जातो, पडदा काळा होतो. इथे संपला असता तरी चांगलाच सिनेमा होता. पण तो न्यायाधीशामागे सहलीला जातो. नातेवाइकाच्या न बोलणाऱ्या पोरासाठी हा माणूस नाव बदला, खडा घाला असं सुचवतो, मग बाकावर डुलकी काढतो. पोरं ओरडून दचकवतात, तो एकाला थप्पड मारतो आणि पुन्हा डोळे मिटतो. ज्यांना हा शेवट 'उगाच लांबवलेला' वाटतो त्यांच्याशी माझं अजिबात पटत नाही. निकाल देणारा माणूस घरी कसा असतो, हे पाहिल्याशिवाय आधीच्या तारखांचा अर्थ लागत नाही. आणि नागपूरकरांनी हे विसरू नये: शाहीर नारायण कांबळे उभा करणारे वीरा साथीदार आपल्या नागपूरचे, 'विद्रोही' नियतकालिकाचे संपादक. १३ एप्रिल २०२१ला करोनाने ते गेले.

२०१६ला 'सैराट'. 'नटसम्राट' आणि 'व्हेंटिलेटर' समोर असूनही. गाणी कानात राहिली म्हणून नव्हे, तर शेवटी सगळा आवाज काढून घेण्याची हिंमत केली म्हणून. २०१७ला 'कासव'. २०१८ला 'नाळ': त्यातल्या पोराच्या तोंडची बोली शिकवून आणलेली वाटत नाही, आपल्याकडच्या कानाला ती खटकत नाही. २०१९ला 'आनंदी गोपाळ'.

२०२०ला पर्याय कमी होते. मार्चच्या मध्यात थिएटरं बंद झाली ती नोव्हेंबरपर्यंत. ३ जानेवारीला आलेला 'धुरळा' तेवढा पूर्ण गर्दीत पाहता आला, आणि तो गर्दीतच बघायचा सिनेमा आहे. वर्ष रिकामं ठेवण्यापेक्षा त्याचं नाव मी मनापासून ठेवतो.

२०२१ला 'द डिसाइपल'. व्हेनिसला पटकथेचं बक्षीस २०२०चं, पण आपल्या हातात आला ३० एप्रिल २०२१ला, थेट ओटीटीवर. शास्त्रीय गायक होऊ पाहणारा नायक रात्री रिकाम्या रस्त्यावर, मोटरसायकलवर, आणि कानात त्याच्या गुरूंच्या गुरू माईंचा आवाज. तो आवाज दिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा. त्या गेल्या १९ एप्रिलला, सिनेमा घरोघरी पोचण्याच्या अकरा दिवस आधी. हा सिनेमा मोबाईलवर बघू नका. तानपुऱ्याची जुळवणी आणि सूर किंचित घसरतो ते फोनच्या स्पीकरवर ऐकूच येत नाही, आणि नायक कुठे कमी पडतो ते सगळं त्या घसरण्यात आहे. साधे वायरचे हेडफोन चालतील.

२०२२ला 'गोदावरी'. 'झुंड' नागपूरचा, नागपुरात चित्रित झालेला, पण हिंदी, म्हणून इथे नाही. पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांवरचा 'झॉलीवूड' त्याच वर्षीचा. राहिला असेल तर शोधून बघा. २०२३ला 'वाळवी' की 'आत्मपॅम्फ्लेट'? 'वाळवी' दुसऱ्यांदा पाहिला की रहस्य माहीत असतं, 'आत्मपॅम्फ्लेट' दुसऱ्यांदा जास्त कळतो. मत दुसऱ्याला. २०२४ला 'पाणी'. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीची खरी हकिकत आणि तरी तो कुठे सरकारी माहितीपट होत नाही.

२०२५ला दोन नावं आहेत आणि दोन्ही सोडवत नाहीत. 'साबर बोंडं' सनडान्सला पहिलं बक्षीस घेऊन १९ सप्टेंबरला इथे लागला. 'स्थळ' ७ मार्चला. माझं मत 'स्थळ'ला. आपल्या चंद्रपूरकडचं गाव, तिथलीच माणसं, बहुतेकांनी कधी कॅमेऱ्यासमोर उभं न राहिलेली. मुलगी दाखवण्याचा कार्यक्रम पुन्हा पुन्हा येतो: तीच बैठक, तोच पोह्या-चहाचा ट्रे, तेच नाव काय, शिक्षण किती, उंची किती, शेतीचं काम येते का. पहिल्यांदा हसू येतं. नंतर प्रश्न सुरू होण्याआधीच पोटात गोळा येतो, कारण उत्तरं आता प्रेक्षकालाही पाठ झालेली असतात. प्रसंग तोच ठेवून परिणाम बदलायचा, हे लेखनात सोपं वाटतं, पण संकलनात फार अवघड आहे. जरा कमी वेळा आला तर नुसता विनोद होतो, जरा जास्त वेळा आला तर कंटाळा. 'स्थळ'ने तो आकडा बरोबर पकडला आहे. मधे कापसाचा भाव आहे, बापाचा हिशोब आहे, आणि कुणी त्यावर भाषण देत नाही.

हे नाव अजून पेन्सिलने आहे. कुठलंही वर्ष मी दुसऱ्यांदा पाहिल्याशिवाय, आणि मधे निदान एक वर्ष गेल्याशिवाय, पेनाने लिहीत नाही. नाव बदललं तर जुनं खोडायचं नाही, शेजारी नवं लिहून तारीख टाकायची. कोणता सिनेमा किती वर्षांत मनातून उतरला ते तिथेच दिसतं.

तुमचं २०१३ कुठलं? आणि २०१५ला 'किल्ला' ठेवणारे कोण कोण आहेत? प्रदर्शनाच्या तारखेसकट लिहा, पुरस्काराच्या वर्षावर नको.