'खेड्यातल्या कॉलेजात कसलं संशोधन?' या मजकुराला मुद्देसूद उत्तर

पदवीच्या अभ्यासक्रमात क्षेत्र प्रकल्प आणि संशोधन प्रकल्प आल्यापासून विदर्भातल्या शिक्षक-पालकांच्या गटांत एक मजकूर सारखा फिरतो आहे. त्याचा गोषवारा असा: तालुक्याच्या कॉलेजातला प्रकल्प म्हणजे झेरॉक्सच्या दुकानातून बांधून आणलेली फाइल. तिथे धड लॅब नाही, जर्नल नाही, मुलांना इंग्रजी येत नाही. त्यातून नवीन काही निघत नाही. शेतकऱ्याच्या पोरांचा वेळ वाया घालवण्यापेक्षा त्यांना स्पर्धा परीक्षेला बसवा. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांत प्राध्यापकही असतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊन उत्तर देतो.

"प्रकल्प म्हणजे झेरॉक्सची फाइल."

अनेक फायलींबाबत हे खरं आहे. पण नक्कल होते ती विषयामुळे. 'विदर्भातील सिंचनाचा अनुशेष : एक अभ्यास' हा विषय २ श्रेयांकांच्या (क्रेडिटच्या) क्षेत्र प्रकल्पात, म्हणजे साधारण ६० तासांत, कुणालाच झेपणारा नाही. मग मुलगा इंटरनेटवरून उतरवतो. याउलट 'आपल्या गावातल्या किती घरांनी दिवाळीआधी खेडा खरेदीत (गावात येणाऱ्या व्यापाऱ्याला) कापूस विकला आणि बाजार समितीत का नेला नाही?' असा प्रश्न द्या. याचं उत्तर कुठेच तयार मिळत नाही, त्यामुळे उतरवायलाही काही नसतं.

पद्धतही अवघड नाही. ग्रामपंचायतीत नमुना ८ मध्ये घरांची नोंद असते. गावात ३२० घरं असतील आणि ४० घरांना भेटायचं असेल, तर दर आठवं घर घ्यायचं. पहिलं घर १ ते ८ मधून चिठ्ठी टाकून ठरवायचं. घराला कुलूप असेल तर शेजारचं घर घ्यायचं नाही, संध्याकाळी पुन्हा जायचं. वेचणीच्या दिवसांत ज्यांची सगळी माणसं वावरात असतात तीच घरं नाहीतर यादीतून गळतात, आणि कापसाबद्दल विचारायचं तर तीच सगळ्यांत महत्त्वाची.

प्रश्नावली आधी दुसऱ्या गावात पाच-सहा जणांवर तपासून घ्यावी. 'वार्षिक उत्पन्न किती?' याला सहसा खरं उत्तर मिळत नाही. 'शेवटच्या खेपेला किती क्विंटल दिला, भाव काय लागला?' याला मिळतं. नेटवर्क नसलेल्या गावात गुगल फॉर्म अडकतो. कोबो टूलबॉक्स किंवा ओडीके हे सर्वेक्षणाचं अॅप ऑफलाइन चालतं आणि रेंजमध्ये आल्यावर माहिती पाठवता येते. शेवटी आकडे मांडताना '५२.५ टक्के' असं न लिहिता '४० पैकी २१' असं लिहावं. एवढ्या लहान नमुन्यात खरा आकडा १५ टक्के इकडे किंवा तिकडे असू शकतो, तिथे दशांश चिन्ह वाचकाची दिशाभूल करतं.

परीक्षकाने तोंडी परीक्षेत बांधलेली फाइल बाजूला ठेवून कच्ची वही मागावी. तारखा, खाडाखोड, 'घर बंद' अशा नोंदी, पेनाची बदललेली शाई. या गोष्टी एका रात्रीत तयार करता येत नाहीत.

"लॅबच नाही."

बी.एस्सी.ला रसायनशास्त्र शिकवणाऱ्या कॉलेजात ब्युरेट, पिपेट आणि ईडीटीए (कॅल्शियम-मॅग्नेशियमला बांधून घेणारं रसायन) असतंच, कारण पाण्याचा कठीणपणा, म्हणजे जडपणा, काढणं हा नेहमीचा प्रयोग आहे. तो फक्त नळाच्या पाण्यावर होतो आणि वहीत बंद होतो. तोच प्रयोग वीस विहिरींवर केला की प्रकल्प होतो.

कृती अशी. ईडीटीएचा डायसोडियम क्षार ३.७२ ग्रॅम घेऊन १ लिटर द्रावण केलं की ते ०.०१ मोलर होतं. हातपंपाचं पाणी असेल तर तो आधी पाच मिनिटं चालू द्यायचा, प्लास्टिकची बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची आणि मग भरायची. ५० मिली नमुना, त्यात १ ते २ मिली अमोनिया बफर (पीएच १० च्या आसपास ठेवणारं द्रावण), चिमूटभर ईबीटी (रंग बदलून शेवट दाखवणारा दर्शक). लालसर जांभळा रंग पूर्ण निळा होईपर्यंत ब्युरेटमधून द्रावण सोडायचं. जेवढे मिली लागले त्याला २० ने गुणलं की मिलिग्रॅम प्रतिलिटर कठीणपणा मिळतो. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात २०० पर्यंत चांगलं, आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालतं.

चुका ठरलेल्या जागीच होतात. बफरची बाटली जुनी असेल तर अमोनिया उडून गेलेला असतो, पीएच १० च्या खाली येतो आणि रंग नीट बदलत नाही. ईबीटीचं द्रावण लवकर खराब होतं, म्हणून ०.५ ग्रॅम ईबीटी १०० ग्रॅम शुद्ध सोडियम क्लोराइडमध्ये खलून कोरडी पूड ठेवावी. बफर टाकल्यावर पाच मिनिटांच्या आत काम उरकावं, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं आणि आकडा कमी येतो. अकोला, अमरावती, बुलढाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात (जिथे भूजल खारं आहे) पाणी फार जड निघालं आणि १५ मिलीच्या वर ईडीटीए लागायला लागलं, तर २५ मिली नमुना डिस्टिल्ड वॉटरने ५० मिली करावा आणि २० ऐवजी ४० ने गुणावं. प्रत्येक नमुना तीनदा, आणि रसायनांतूनच येणारी चूक कळावी म्हणून एकदा नुसतं डिस्टिल्ड वॉटर.

टीडीएस मीटर पाण्यातले विरघळलेले क्षार वाहकतेवरून मोजतो. तो विकत घेतल्यावर त्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. वाळवलेलं पोटॅशियम क्लोराइड ०.७४६ ग्रॅम घेऊन १ लिटर द्रावण करा. २५ अंश सेल्सिअसला त्याची वाहकता १४१३ मायक्रोसिमेन्स प्रतिसेंटिमीटर असते. मीटर किती चुकतो ते लगेच कळतं. यवतमाळ-चंद्रपूरकडे फ्लोराइडचा प्रश्न आहे. ते मोजायला कॉलेजकडे साधन नसेल तर नमुना शासकीय पाणी तपासणी प्रयोगशाळेत द्यावा, मात्र काचेच्या बाटलीत नेऊ नये, कारण फ्लोराइडची काचेशी अभिक्रिया होते.

प्राणिशास्त्राला तर एवढंही लागत नाही. पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) वावरात एकरी दोन कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) लावायचे आणि रोज सकाळी गुलाबी बोंडअळीचे पतंग मोजायचे. सलग तीन रात्री प्रतिसापळा ८ पतंग ही आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे इथून पुढे उपाय करायलाच हवा. सोबत फुलं पाहून डोमकळ्या (अळीमुळे न उमललेली, मिटलेली फुलं) मोजायच्या आणि २० झाडांवरून एकेक हिरवं बोंड तोडून फोडायचं. दोन बोंडांत अळी निघाली तर १० टक्के, म्हणजे तीही पातळी गाठली. सापळ्यातली कामगंधाची गोळी कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलली नाही तर पतंग कमी दिसतात, आणि अहवालात 'प्रादुर्भाव घटला' असं छापलं जातं. गोळी बदलल्याची तारीख वहीत हवीच.

"जर्नल नाही, इंग्रजी नाही."

देशभरातले पीएचडी प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर फुकट वाचता येतात, त्यात मराठी प्रबंधही आहेत. महाराष्ट्राची जिल्हा गॅझेटिअर्सही ऑनलाइन आहेत. संदर्भाची सोय एवढ्याने होते.

भाषेचा मुद्दा मात्र उलटा आहे. भंडारा-गोंदिया-गडचिरोलीकडच्या विद्यार्थ्याला झाडीबोली येते, मेळघाटातल्याला कोरकू, कुणाला कोलामी, कुणाला गोंडी किंवा माडिया. बाहेरच्या संशोधकाला याच गोष्टीसाठी दुभाषा लागतो. साठीपुढचे आठ-दहा आणि पंचविशीतले तेवढेच, दोन्ही गटांत बायका-पुरुष सारखे, असे बोलणारे निवडा आणि शेतीच्या अवजारांचे, धानाच्या कामांचे शब्द गोळा करा. 'याला तुमच्याकडे काय म्हणतात?' असं विचारलं की कॉलेजचं पोर आलंय म्हणून म्हातारी माणसं पुस्तकी शब्द सांगतात. वस्तू हातात द्या, काम करताना बोलू द्या. फोन तोंडापासून हातभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा, डब्ल्यूएव्ही स्वरूपात रेकॉर्ड करा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेला आवाज दाबला जातो आणि उच्चारांचे बारकावे त्यात हरवतात. आधी परवानगी घ्या, तीही रेकॉर्डिंगवर. वाचायला न येणाऱ्या आजीची कागदावर अंगठा लावून घेतलेली संमती खरी संमती नसते.

"नवीन काही निघत नाही."

तुमच्या गावातल्या वीस विहिरींचा सलग दहा वर्षांचा कठीणपणा कुणाकडे आहे? बहुतेक गावांत कुणाकडेच नाही. एका तुकडीने एकदा केलेलं मापन लहान असतं. पण पुढच्या तुकडीने त्याच विहिरी, त्याच महिन्यात, त्याच पद्धतीने मोजल्या की दरवर्षी त्याचं मोल वाढतं. यासाठी विहिरींना क्रमांक, जीपीएस नोंद आणि विभागात राहणारी एक जाड वही लागते. प्रकल्प मुलासोबत घरी गेला की ही साखळी तुटते, आणि आपल्याकडे नेमकं तेच होतं.

इतिहास-भूगोलालाही हेच लागू. पूर्व विदर्भातल्या माजी मालगुजारी (जुन्या मालगुजारांच्या, म्हणजे जमीनदारांच्या) तलावांचे हक्क निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज या दप्तरांत नोंदलेले असतात. त्यात लिहिलेलं पाणी, मासेमारी, चराई आज कोण वापरतं हे तलावाच्या पाळीवर उभं राहून तपासता येतं. मात्र हाच विषय वऱ्हाडातल्या कॉलेजाने जसाच्या तसा उचलू नये. तिथे मालगुजारी नव्हती, रयतवारी होती, म्हणजे शेतकरी थेट सरकारला सारा देई. कागदही वेगळे आणि प्रश्नही वेगळा.

"त्यापेक्षा स्पर्धा परीक्षा."

जरूर द्यावी. प्रकल्प तिच्या आड येत नाही. पण चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के लागतात आणि तिथे १२ श्रेयांकांचा प्रबंध असतो. ज्याने आधी कच्ची वहीच ठेवलेली नाही, त्याला तो एकदम जड जातो. २००६ पासून होणाऱ्या 'आविष्कार' या विद्यापीठांच्या संशोधन स्पर्धेत पदवीच्या विद्यार्थ्यांचा स्वतंत्र गट आहे, आणि खेड्यातल्या प्रश्नांना तिथे हक्काची जागा आहे.

वेळेची अडचण खरी आहे, आणि तिचा विचार मार्गदर्शकाने जुलैमध्येच करायला हवा. सोयाबीन काढणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत मुलं, विशेषतः मुली, वावरात असतात. बोंडअळीचं काम ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये बसवा, ते त्यांच्याच धुऱ्यावर होतं. घरोघरच्या मुलाखती वेचणी संपल्यावर जानेवारीत ठेवा. पाण्याचे नमुने उन्हाळ्याच्या आणि पावसाळ्यानंतरच्या अशा दोन्ही हंगामांचे हवे असतील, तर ते एका सत्रात बसत नाहीत. मे महिन्याचे नमुने आधीच्या तुकडीकडून घेऊन ठेवा.