आधी स्टेशन, मग बाजार

नोव्हेंबर लागला की जर्मनीतल्या मराठी घरांत एक वाद हमखास पेटतो: यंदा कुठलं ख्रिसमस मार्केट? त्यात पुण्याहून काका-काकू येणार असतील तर बघायलाच नको. काकांनी पंधरा रील्स साठवून आणलेली असतात आणि त्यातली पंधरा गावं जर्मनीच्या पंधरा कोपऱ्यांत असतात. सकाळी कोलोन, दुपारी न्यूरेंबर्ग, संध्याकाळी ड्रेस्डेन असा त्यांचा बेत, कारण मोबाइलच्या नकाशावर तिन्ही गावं अंगठा आणि करंगळीच्या मध्ये बसतात.

यावर माझं मत ठाम आहे आणि घरात अप्रिय आहे. बाजार निवडूच नये, स्टेशन निवडावं. बाजार बारा आणे सगळीकडे तोच: लाकडी टपऱ्या, गरम वाइन, साखरेत घोळवलेले बदाम आणि पुढच्या माणसाची पाठ. उरलेले चार आणेच खरे बघण्यासारखे, पण तिथवर वेळेवर आणि धड अंगाने पोचलात तर.

स्टेशनच्याही आधी पंचांग. आपली माणसं सर्वांत जास्त इथे फसतात. ख्रिसमस मार्केट म्हणजे ते ख्रिसमसला असणार, असं गृहीत धरून भारतातून मंडळी 24 डिसेंबरला उतरतात. जर्मन माणूस नाताळ घरात दार लावून करतो. बाजार त्याच्या आधीचा. नाताळपूर्वीचे चार रविवार म्हणजे ॲडव्हेंट. त्यातला पहिला रविवार जवळ आला की बहुतेक बाजार उघडतात आणि 22 ते 24 डिसेंबरच्या दरम्यान गाशा गुंडाळतात. चोवीस तारखेला दुपारनंतर न्यूरेंबर्गच्या चौकात टपऱ्यांची फळकुटं दिसतील, वाइन दिसणार नाही. उशिरा येणाऱ्यांनी बर्लिन गाठावं, तिथले काही बाजार नाताळनंतरही चालू असतात. कोलोनच्या जुन्या गावातला बर्फावरच्या स्केटिंगचा बाजारही जानेवारीत डोकावतो. बरं, हे रविवार दरवर्षी सरकतात. 2023 मध्ये चौथा रविवार नेमका 24 डिसेंबरलाच आला आणि सगळा हंगामच आखडला. म्हणून मागच्या वर्षीच्या तारखांवर विमानाचं तिकीट काढू नये.

‘सगळ्यात जुना कुठला, तोच बघू’ हा काकांचा पुढचा मुद्दा. त्या वाटेला जाऊ नका. बाउत्झेन 1384 सांगतं, फ्रँकफुर्ट 1393, ड्रेस्डेन 1434. न्यूरेंबर्गकडे पुरावा म्हणून 1628 साल लिहिलेली लाकडी डबी आहे, आणि प्रसिद्धी मात्र त्याचीच जास्त. या वादात निकाल लागेपर्यंत आपली गाडी सुटते.

तर स्टेशन. पहिली परीक्षा: फलाटावरून चौकापर्यंत चालत किती मिनिटं? कोलोन इथे पैकीच्या पैकी मार्क घेतं. स्टेशनातून बाहेर पडलं की समोर कॅथेड्रल, आणि त्याला वळसा घातला की बाजार. फ्रँकफुर्टहून आयसीई, म्हणजे लांब पल्ल्याची वेगवान गाडी, तासाभरात पोचवते. न्यूरेंबर्गला सरळ रस्त्याने पंधरा मिनिटं, ड्रेस्डेनलाही साधारण तेवढीच. स्टुटगार्टला मात्र बाजार सुंदर आणि स्टेशन 2010 पासून बांधकामाखाली. गाडीतून उतरल्यावर बाहेर पडेपर्यंतच निम्मी पायपीट होते. काकूंच्या गुडघ्यांचं मत आधी घ्यावं.

दुसरी परीक्षा: तिथून लोकल गाडीने आणखी काय जवळ आहे? खरी गंमत इथे आहे. एका गावात मुक्काम ठोकायचा, सामान हॉटेलवर टाकायचं आणि रोज संध्याकाळी एक छोटा बाजार उडवायचा. चाकाची बॅग खडीच्या रस्त्यावरून आणि बाजाराच्या गर्दीतून ओढणाऱ्या माणसाकडे लोक ज्या नजरेने बघतात, ती झेलण्यापेक्षा हे बरं. स्टेशनवरचे लॉकर शनिवारी दुपारपर्यंत भरून जातात, त्यांच्या भरवशावर राहू नये.

माझा कौल ड्रेस्डेनला. चौदा मीटरहून उंच लाकडी पिरॅमिड गोल फिरत असतो, आणि दुसऱ्या ॲडव्हेंटच्या आदल्या शनिवारी काही टन वजनाचा स्टॉलन नावाचा सुकामेव्याचा केक मिरवणुकीने आणून कापतात. पण मुख्य मुद्दा आसपासचा. एस-बानने, म्हणजे तिथल्या लोकलने, पिर्ना पंचवीस मिनिटांवर, माइसेन पाऊण तासाच्या आत, आणि तो बाउत्झेनही प्रादेशिक गाडीने तासाभरात. चौथ्या ॲडव्हेंटच्या रविवारी आनाबेर्ग-बुखहोल्त्सला खाणकामगारांची गणवेशातली मिरवणूक निघते. त्यासाठी केम्निट्झला गाडी बदलावी लागते आणि दिवस जातो, पण जाऊ द्यावा.

दुसरा नंबर न्यूरेंबर्गचा. फ्युर्थ दहा मिनिटांच्या आत, बामबेर्ग पाऊण तास, रेगेन्सबुर्ग तासाभराच्या आगेमागे. रोथेनबुर्गला जायचं तर श्टाइनाखला उतरून छोटी गाडी पकडायची, बहुतेकदा त्याआधी आन्सबाखलाही बदलायची. रील्समध्ये हे बदल कापलेले असतात. स्टुटगार्टबद्दल वर वाईट बोललो, पण तिथून एस-बानने पंधरा-वीस मिनिटांत एस्सलिंगेनचा मध्ययुगीन थाटाचा बाजार येतो आणि त्याने बरंच पाप धुऊन निघतं.

आणि रील्समधलं ते सगळ्यांत देखणं दृश्य, उंच दगडी कमानींच्या पुलाखालचा बाजार? ती ब्लॅक फॉरेस्टमधली राव्हेना दरी. पूल रेल्वेचाच आहे, 1927 चा, नऊ कमानींचा, आणि गाडी खरोखर बाजाराच्या डोक्यावरून जाते. फक्त थांबत नाही. फ्रायबुर्गहून निघालात की खिडकीतून खाली दिवे दिसतात, काका ‘आलं, आलं’ म्हणून उठतात, आणि गाडी पुढे हिंटरझार्टनला नेऊन सोडते. तिथून बसने मागे यायचं. शिवाय हा बाजार फक्त ॲडव्हेंटच्या शुक्रवार-शनिवार-रविवारी भरतो आणि प्रवेशाचं तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं. ते नसेल तर खिडकीतलंच दर्शन खरं मानावं.

आता तिकीट. डॉइचलांड-टिकेट हे महिन्याचं. 2023 मध्ये 49 युरोला सुरू झालं, 2026 पासून 63. देशभरातल्या प्रादेशिक गाड्या, एस-बान, ट्राम, शहरातल्या बस सगळ्यांत चालतं. आयसीई-आयसी या लांब पल्ल्याच्या गाड्यांत चालत नाही. आकर्षक आहे, पण दोन खोड्या आहेत. एक, ते साधारणपणे कॅलेंडरच्या महिन्याचं असतं. पहिला ॲडव्हेंट बऱ्याचदा नोव्हेंबरच्या शेवटी येतो, म्हणजे 28 नोव्हेंबर ते 5 डिसेंबर अशी सहल काढलीत की दोन महिन्यांचे पैसे. दोन, ते वर्गणीसारखं आपोआप पुढे चालू राहतं. त्याच महिन्यात थांबवायचं तर दहा तारखेच्या आत रद्द करावं लागतं. काका चिंचवडला परत पोचून तिळगूळ वाटत असतात आणि इकडे त्यांच्या खात्यातून जानेवारीचे 63 युरो निघालेले असतात.

चार-पाच जण एकत्र असाल तर राज्याचं दिवसाचं तिकीट जास्त परवडतं. बायर्न-टिकेट (न्यूरेंबर्गच्या बव्हेरिया राज्याचं) किंवा जाक्सन-टिकेट (ड्रेस्डेनच्या सॅक्सनीचं) पाच जणांपर्यंत एकत्र निघतं; माणशी थोडेसेच वाढतात. जाक्सनचं तिकीट शेजारच्या जाक्सन-आनहाल्ट आणि थ्युरिंगेनमध्येही चालतं, म्हणजे जाक्सनमधल्या लाइपझिगबरोबर थ्युरिंगेनमधलं एरफुर्टसुद्धा त्यात बसतं. अट एवढीच की सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊच्या आधी ते चालत नाही. पहाटे उठून डबा भरून साडेसातला फलाटावर हजर राहण्याची आपली परंपरा इथे थोडी आवरावी.

लांबच्या पल्ल्याला आयसीईचं स्वस्त तिकीट लवकर काढावं, पण ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. दिलासा असा की मुक्कामी पोचायला वीस मिनिटं किंवा जास्त उशीर होणार असं दिसलं की ते बंधन सुटतं आणि दुसरी गाडी पकडता येते. आणि उशीर होतोच. 2024 मध्ये लांब पल्ल्याच्या गाड्यांपैकी 62.5 टक्के वेळेवर होत्या. ‘वेळेवर’ म्हणजे सहा मिनिटांच्या आत, आणि ज्या गाड्या निघाल्याच नाहीत त्या हिशोबात धरत नाहीत. जर्मन शिस्तीबद्दल भारतात ऐकलेलं सगळं फलाटावर थोडं सोडून द्यावं. एक तास उशीर झाला तर पाव रक्कम परत, दोन तासांना निम्मी. अर्ज मात्र आपणच करायचा.

म्हणून गाडी बदलायला ॲप सात मिनिटं दाखवत असेल तर ती सात मिनिटं नाहीत, ती आशा आहे. ज्येष्ठ नागरिक बरोबर असतील तर निदान वीस ठेवावीत. सीट आरक्षण वेगळं घ्यावं लागतं, शुक्रवारी-रविवारी घ्यावंच. मग फलाटावर आपण बरोब्बर ‘ब’ विभागात उभे राहतो आणि सूचना होते की डबे उलट्या क्रमाने लागले आहेत. सगळा फलाट एकमेकांना कापत विरुद्ध दिशांना धावतो. अजून एक सापळा: युरोपभर रेल्वेचं वेळापत्रक दरवर्षी डिसेंबरच्या मध्यावरच्या एका रविवारी बदलतं, बाजारांच्या ऐन भरात. नोव्हेंबरात पाहून ठेवलेली पाच-बाराची गाडी 15 डिसेंबरला पाच-चारला सुटलेली असू शकते. निघायच्या दिवशी पुन्हा बघावं.

पोटाचं. शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही, पण चौकशी करावी लागते. सफरचंदाच्या चटणीबरोबर मिळणारं कार्टोफेलपुफर म्हणजे जवळजवळ आपलं बटाट्याचं थालीपीठ. पिठात बहुधा अंडं असतं. लसणाच्या सॉसमधली मशरूम, भाजलेले चेस्टनट, बदाम निर्धास्त घ्यावेत. फ्लामकुखन या पातळ, पिझ्झासारख्या पदार्थावर न सांगता बेकन असतं, आंबवलेल्या कोबीतही असू शकतं. काही टपऱ्या अजूनही फक्त रोख घेतात, आणि स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी खिशात हवीतच. ती कार्डवाल्या मुलांनी नव्हे, काकूंनी बाळगावीत. त्या हरवत नाहीत.

राहता राहिला कप. ग्लूवाइन, म्हणजे तीच गरम वाइन, चार-पाच युरो, वर कपाची अनामत तीन ते पाच. मुलांसाठी बिनदारूचा किंडरपुन्श मिळतो, त्यालाही तीच अनामत. कपावर गावाचं नाव आणि बहुतेकदा वर्ष छापलेलं असतं, म्हणून सगळ्यांना तो घरी न्यायचा असतो, आठ वाजेपर्यंत. मग सहा कप आणि काचेचे दिवे एकाच पिशवीत किणकिणायला लागतात आणि परत करायचं ठरतं. बाजार आठ-नऊला मिटतो, म्हणजे सगळं गाव त्याच वेळी कपाच्या रांगेत आणि त्यानंतरच्या गाडीत. छोट्या गावाहून गाडी तासाला एकच असेल, तर सुटण्याच्या चाळीस मिनिटं आधी कप टपरीवर पोचले पाहिजेत, तेही शक्यतो जिथून घेतले त्याच टपरीवर. ते जमलं नाही तर कप विकत घेतले असं घरात जाहीर करून सरळ फलाट गाठावा.