चिपळूणच्या पुढचे ४४ किलोमीटर

दादा, नमस्कार.

"ठाण्यात बसून 'कोकणात रेल्वेनेच जा' सांगणं सोपं आहे. आमच्या गुहागरला स्टेशन कुठे आहे? गणपतीचं तिकीट तर वेटिंगलाच. ७८ वर्षांच्या आईला घेऊन गाड्या बदलत बसण्यापेक्षा मी ऐरोलीहून सरळ कार काढतो," असं तुम्ही गणपतीला कोकणात जाण्याविषयीच्या माझ्या लेखावर लिहिलंत. दोनदा वाचलं आणि पहिला मुद्दा मान्य केला.

माझं गाव कुडाळजवळ. स्टेशनवर उतरलो की रिक्षाने पंधरा मिनिटांत अंगणात. त्यामुळे लेख लिहिताना सगळं कोकण मी कुडाळसारखंच धरलं. पण कोकण रेल्वे किनारा सोडून बरीच आतून जाते. दापोलीकरांना खेडला उतरावं लागतं, श्रीवर्धनकरांना माणगावला, तुम्हाला चिपळूणला. राजापूर रोड स्टेशनसुद्धा राजापुरापासून लांबच. हे सगळं आता लेखात घातलंय.

कारचं मात्र मला पटत नाही, आणि ते आईंमुळेच. कशेडीचा घाट आता बोगद्यामुळे चुकतो, हे खरं. पण गणपतीच्या आदल्या दोन दिवसांत मुंबई–गोवा हायवेवर पळस्पे ते माणगाव गाडी मुंगीच्या पावलाने सरकते. त्यात म्हाताऱ्या माणसाला लघवीला कुठे न्यायचं, हा प्रश्न असतोच. माझ्या वडिलांना घेऊन मी हे सोसलंय. खासगी बसचाही अनुभव घेतला. रात्री तीन वाजता आम्हाला हायवेच्या फाट्यावर उतरवलं, पुढे अंधार आणि वडिलांचा हात माझ्या हातात. तेव्हापासून वडीलधारं माणूस सोबत असलं की मी रेल्वे नाहीतर एसटी, एवढंच बघतो.

आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं. गणपतीच्या तारखा लगेच भरतात, म्हणून जादा गाड्यांच्या घोषणेवर लक्ष ठेवा. ठाण्याहून किंवा पनवेलहून सकाळची मांडवी एक्स्प्रेस मिळाली तर उत्तम. चिपळूणला उजेडी उतरता, रिक्षाने एसटी स्टँड, तिथून गुहागर ४४ किलोमीटर. पावसाळी वेळापत्रकात गाड्या मुद्दाम हळू चालवतात, दरडींचा धोका असतो म्हणून. तेव्हा पुढची एसटी अगदी घड्याळ लावून धरू नका. दिवा–सावंतवाडी पॅसेंजर तुम्हाआम्हाला ठीक, आईंना त्या गर्दीत नेऊ नका.

तिकीट नाहीच मिळालं, तर पनवेलवरून गुहागरची थेट एसटी. आईंना ७५ वर्षांवरच्यांसाठीचा प्रवास मोफत आहे, वहिनींना अर्धं तिकीट. आधार कार्ड मात्र जवळ ठेवा.

तुमची बहीण दापोलीला दिलीय म्हणालात. गौरीला तिच्याकडे जाताना चिपळूण–खेडचा वळसा घेऊ नका. धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला उतरा. आईंना खाडीचा वाराही मिळेल.

चिपळूण स्टेशनवरून स्टँडला रिक्षावाले सध्या किती घेतात, तेवढं जाऊन आल्यावर कळवा. लेखात घालतो.