‘हरवलेला दुवा’ हे शब्द आता सोडून द्यावेत

नरवानर गणाच्या, म्हणजे प्राइमेट्सच्या एखाद्या जुन्या जीवाश्माची बातमी आली की मथळ्यात ‘हरवलेला दुवा सापडला’ हे शब्द ठरलेलेच असतात. ते वापरणे बंद व्हावे असे माझे स्पष्ट मत आहे.

मे २००९ मध्ये जर्मनीतील मेसेल येथील ‘इडा’ या नरवानर प्राण्याचा सांगाडा मोठ्या गाजावाजात जगापुढे आला. तो सुमारे ४ कोटी ७० लाख वर्षांपूर्वीचा, जवळजवळ संपूर्ण, आणि पोटातल्या शेवटच्या खाण्याचे अवशेषही टिकून राहिलेला, असा खरोखर अपूर्व आहे. मात्र माणसाकडे येणाऱ्या शाखेशी जोडलेले त्याचे नाते काही महिनेच टिकले. इडाच्याच गटातील, इजिप्तमध्ये सापडलेल्या ‘अफ्राडॅपिस’चा अभ्यास करणाऱ्या एरिक सायफर्ट आणि सहकाऱ्यांनी त्याच वर्षी दाखवून दिले की हा गट माकडांपेक्षा लेमूर आणि लोरिस या माकडांहून वेगळ्या शाखेतल्या नरवानरांच्या जवळचा आहे, आणि त्याच्यातील माकडांसारखी लक्षणे स्वतंत्रपणे उद्भवलेली आहेत.

याच्या तुलनेत सुरत जिल्ह्यातील वस्तानच्या लिग्नाइट (तपकिरी कोळसा) खाणीत सापडलेली हाडे दिसायला अगदीच क्षुल्लक आहेत. ज्या लाव्हाने आपला सह्याद्री घडवला, त्याचे उद्रेक थांबल्यानंतर एक कोटीहून अधिक वर्षांनी, म्हणजे आजपासून सुमारे साडेपाच कोटी वर्षांपूर्वी, हे थर साचले. भारत तेव्हा आशियाकडे सरकत होता. या थरांतील हातापायांच्या २५ हाडांचे वर्णन २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले. टाचेचे हाड लांब असेल तर प्राणी उड्या मारणारा, आणि घोट्याच्या सांध्याची ठेवण पाहिली की तो फांदीला पाऊल कसे टेकवत असेल, हे कळते. म्हणूनच नखाएवढे हाडही अभ्यासकाला पुष्कळ सांगते. वस्तानला लेमूरांकडे जाणाऱ्या आणि टार्सिअरकडे (मोठ्या डोळ्यांचा, उड्या मारणारा छोटा नरवानर) जाणाऱ्या, अशा दोन्ही गटांचे प्राणी आहेत, तरीही त्यांची हाडे एकमेकांपासून वेगळी ओळखणे कठीण जावे इतकी सारखी आहेत. दोन शाखा नुकत्याच फुटल्या असताना त्यांतील प्राणी कसे असतील, याचे इतके जवळून दर्शन मला इडाच्या देखण्या सांगाड्यातही होत नाही.

घाई मात्र इथेही झाली. २००८ मध्ये वस्तानच्या काही दातांवरून ‘अँथ्रासिमिअस’ हा आशियातील सर्वांत जुना माकडवर्गीय प्राणी म्हणून जाहीर झाला. पुढे इतर अभ्यासकांनी ते दात आधीच नाव मिळालेल्या ‘मार्कगोडिनोशिअस’चे असावेत असे मत मांडले. या हाडांवरून नरवानर गण भारतातच जन्मला असेही कोणी म्हणू नये, कारण वस्तानच्या प्राण्यांचे जवळचे आप्त युरोपातही सापडतात.

चीनमधील ‘आर्किसेबस’ या नरवानराचा, जवळजवळ वस्तानच्या हाडांइतकाच जुना सांगाडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. तो टार्सिअरच्या शाखेच्या मुळाशी ठेवला गेला आहे, पण त्याची टाच माकडासारखी आहे. अशा प्राण्याला कोणत्या दोन कड्यांमधला दुवा म्हणणार?