पुरुषाच्या शरीरातलं इस्ट्रोजेन हे विष नव्हे

'इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन. पुरुषाच्या अंगात ते साठत गेलं की चरबी वाढते, इच्छा मरते. ते धुऊन काढा, टेस्टोस्टेरॉन वाढवा.' या आशयाचा मजकूर सगळीकडे फिरतोय, आणि व्यायामाचं वेड असलेली तरुण मुलं त्यावर विसंबून गोळ्या-इंजेक्शनं घेतात. म्हणून हा प्रतिवाद.

'बायकांचं हार्मोन': इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन ही दोन्ही हार्मोन कोलेस्टेरॉलपासून, एकाच साखळीत बनतात. अरोमाटेज हे एन्झाइम टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रॅडिऑल, म्हणजे मुख्य इस्ट्रोजेन, करतं. स्त्रीच्या बीजांडकोशातही आधी अँड्रोजेन (टेस्टोस्टेरॉनच्या गटातलं 'पुरुषी' हार्मोन) तयार होतं, मग त्यापासून इस्ट्रोजेन. १९३४ साली संशोधक बर्नहार्ड झोंडेक यांना इस्ट्रोजेनचा प्रचंड साठा सापडला तो नर घोड्याच्या मूत्रात! रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रीपेक्षा तिच्याच वयाच्या पुरुषाच्या रक्तात इस्ट्रॅडिऑल सहसा जास्तच असतं.

'पुरुषाला ते घातकच': १९९४ मध्ये एका २८ वर्षांच्या पुरुषाची नोंद प्रसिद्ध झाली. उंची २०४ सेंटीमीटर, आणि ती अजून वाढतच होती. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित होतं, इस्ट्रोजेनही भरपूर होतं. पण पेशींतला इस्ट्रोजेनचा रिसेप्टरच, म्हणजे त्याचा संदेश स्वीकारणारा रेणूच, जन्मतः निकामी. त्यामुळे हाडांची वाढीची टोकं बंद झाली नव्हती, आणि हाडं ठिसूळ झाली होती. मुलग्यांची उंची वाढायची थांबते तीही इस्ट्रोजेनमुळे, हे तेव्हा लख्ख दिसलं. पुढे २०१३ च्या एका अभ्यासात पुरुषांना टेस्टोस्टेरॉन देऊन त्यांच्यातल्या काहींचं अरोमाटेज औषधाने रोखलं. असं इस्ट्रोजेन घटलेल्या गटात चरबी वाढली आणि कामेच्छा घटली. मजकुरातली भीती बरोब्बर उलटी!

'ते साठत जातं': नाही. यकृत त्याला ग्लुकुरोनिक आम्ल किंवा सल्फेट जोडून पाण्यात विरघळण्याजोगं करतं आणि ते लघवीतून, पित्तातून बाहेर पडतं. त्यासाठी वेगळं 'डिटॉक्स' लागत नाही. एवढं मात्र खरं की चरबीच्या पेशींतही अरोमाटेज असतं, त्यामुळे अतिलठ्ठपणात इस्ट्रोजेन वाढू शकतं, यकृताच्या सिरोसिसमध्येही (यकृतात व्रण साठून ते निकामी होत जातं तो आजार). तिथे उपचार हवा तो मूळ दुखण्यावर.

'टेस्टोस्टेरॉन वाढवा': मला सर्वांत काळजी वाटते ती याची. बाहेरून टेस्टोस्टेरॉन आलं की मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी वृषणांना द्यायचे संदेश आवरते. वृषणं आक्रसतात, शुक्राणू घटतात, कधी शून्यावर येतात. आणि इंजेक्शनातून आलेल्या त्या जास्तीच्या टेस्टोस्टेरॉनचा काही भाग अरोमाटेज पुन्हा इस्ट्रोजेनमध्येच बदलतं. छाती वाढल्याची तक्रार घेऊन ही मुलं डॉक्टरांकडे येतात ती त्यानंतर.