‘हायब्रिड सुपरकार म्हणजे बॅटरीचं ओझं’? आकडे मांडून बघू

एक दावा सध्या जोरात फिरतोय: ‘हायब्रिड सुपरकार बॅटरीमुळे जड होते, मोटर फक्त प्रदूषणाच्या नियमांपुरती असते, ट्रॅकवर दोन मिनिटांत चार्ज संपतो आणि मागचा हलता पंख निव्वळ देखावा.’

वजन वाढतं, यात वाद नाही. मॅक्लारेन आर्टुराची बॅटरी 88 किलोची, मोटर 15.4 किलोची आणि सगळी हायब्रिड यंत्रणा मिळून 130 किलो. पण वाचलेलं वजन कुणी मोजत नाही. आर्टुरा आणि फेरारी एसएफ90 या दोन्ही गाड्यांच्या गिअरबॉक्समध्ये रिव्हर्स गिअरच नाही. मोटर उलटी फिरवली की गाडी मागे येते.

मोटर नियमांपुरती? टर्बो इंजिनात (एक्झॉस्टच्या वायूने टर्बाइन फिरवून जास्त हवा कोंबणाऱ्या) पाय दाबल्यावर एक्झॉस्टचा जोर वाढून टर्बाइन वेग घेईपर्यंत थांबावं लागतं, आणि टर्बो जितका मोठा तितकी ही वाट लांब. मोटर शून्य आरपीएमपासून (मिनिटाला फेरे) टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, देते, ती फट भरून काढते. म्हणूनच मोठा टर्बो बसवणं परवडतं. मॅक्लारेन पी1 मध्ये तर वरचा गिअर पडताना मोटर क्षणभर उलटा टॉर्क लावते, इंजिनाचे आरपीएम झटकन उतरतात आणि गिअर लवकर बसतो.

आता चार्ज. पोर्शे 918 ची बॅटरी 6.8 किलोवॅट-तासांची, मोटर्स मिळून 210 किलोवॅटच्या. सतत पूर्ण ताकद काढली तर 116 सेकंद. म्हणजे दाव्यातल्या दोन मिनिटांचा हिशेब बरोबर आहे. तरी याच गाडीने 2013 मध्ये जर्मनीतल्या न्युरबुर्गरिंग ट्रॅकची फेरी 6 मिनिटं 57 सेकंदांत मारली, कारण वळणांत आणि ब्रेकिंगला मोटर ताकद घेत नाही, उलट परत भरते.

ही भरपाई मात्र वाटते तेवढी मोठी नसते. दीड टनाची गाडी 250 वरून 100 किमी वेगावर 4 सेकंदांत आणली तर सुमारे 0.84 किलोवॅट-तास ऊर्जा निघते, सरासरी 760 किलोवॅटच्या दराने. 160 किलोवॅटची मोटर त्यातला जेमतेम पाचवा हिस्सा पकडते, उरलेलं ब्रेक डिस्क तापवण्यात जातं. पी1 तर ब्रेकिंगमधून चार्जच करत नाही, ब्रेक पेडलची जाण बिघडू नये म्हणून. तिथे इंजिनच बॅटरी भरतं.

ट्रॅकवर खरी अडचण उष्णतेची. इंजिनाचं पाणी 100 अंशांच्या आसपास चालतं, बॅटरी आणि इन्व्हर्टरला (बॅटरीची वीज मोटरला चालेल अशी बदलणारा भाग) त्याहून बरंच थंड कूलंट, म्हणजे उष्णता वाहून नेणारा द्रव, लागतं. कूलंट आणि बाहेरच्या हवेच्या तापमानातला फरक कमी, म्हणून तेवढीच उष्णता टाकायला रेडिएटर मोठा, हवेची वाट मोठी आणि ड्रॅग (हवेचा विरोध) जास्त. ते जमलं नाही की सेल तापतात आणि चार्ज शिल्लक असूनही कंट्रोलर मोटरची ताकद छाटतो. दाव्यात नेमकं हेच नाही!

राहिला पंख. पी1 चा पंख रेस मोडमध्ये 300 मिमी वर येतो आणि 257 किमी वेगाला 600 किलो डाउनफोर्स (गाडीला रस्त्यावर दाबणारा हवेचा जोर) मिळतो. डाउनफोर्स वेगाच्या वर्गाने बदलतो, त्यामुळे 60 किमीला त्याच कोनात उरतात जेमतेम 33 किलो. तिथे देखावा म्हणा हवं तर. पण पंख तसाच ठेवून 350 किमी गाठले असते तर तोच आकडा 1100 किलोंवर गेला असता आणि तो भार सस्पेन्शन आणि टायरवर पडला असता. तो टाळायलाच वेग वाढेल तसा पंखाचा कोन कमी करावा लागतो.