पान्ह्याच्या इंजेक्शनला ग्रोथ हार्मोन म्हणू नका

सोसायट्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: जोगेश्वरी-गोरेगावच्या तबेल्यांत म्हशींना ग्रोथ हार्मोन टोचतात, त्याने दूध दुप्पट होतं, परदेशात असल्या दुधाला विषारी म्हणून बंदी आहे आणि आपल्या मुली लवकर वयात येतात त्या यामुळेच.

पहिला मुद्दाच चुकीचा. तबेल्यात चोरून टोचतात ते ऑक्सिटोसिन. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून सलाइनमधून देतात, तेच. का टोचतात, हे समजायला मुंबईतल्या तबेल्याचा हिशेब पाहावा लागतो. दुभती म्हैस बाहेरून विकत आणायची, आटेपर्यंत पिळायची, मग बदलायची. जागा महाग, चारा महाग. अशा ठिकाणी रेडकू, त्यातही नर, पोसणार कोण? त्याच्या तोंडी जाणारं दूध म्हणजे मालकाच्या लेखी नुकसानच. पण रेडकू दिसेनासं झालं की म्हैस पान्हा चोरते. कास भरलेली असते, सड कितीही चोळा, धार लागत नाही. पूर्वी मेलेल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून ते तिच्यापुढे ठेवायचे. आता सुई मारतात. मिनिटभरात पान्हा सुटतो आणि थोड्याच वेळात औषधाचा असर ओसरतो, म्हणून दर धारेला पुन्हा सुई.

आता ‘दुप्पट’. ऑक्सिटोसिन दूध बनवत नाही. कासेत तयार असलेलं खाली उतरवतं. खरं ग्रोथ हार्मोन, म्हणजे आरबीएसटी (गायीचं ग्रोथ हार्मोन, प्रयोगशाळेत बनवलेलं), ही निराळी वस्तू. अमेरिकेत १९९३ साली त्याला परवानगी मिळाली, मोन्सँटो कंपनीने ते ‘पोसिलॅक’ नावाने विकलं. ते गायींना चौदा दिवसांतून एकदा देतात आणि दूध साधारण १० ते १५ टक्के वाढतं, तेही खुराक वाढवला तर. दुप्पट कुठेच नाही.

परदेशातली बंदी खरी आहे, पण ती गायींना आरबीएसटी टोचण्यावर, दुधावर नाही. कारणही मेसेजमधलं नाही. कॅनडाने १९९९ साली आरबीएसटी नाकारलं ते गायींच्या तब्येतीसाठी: कासदाह वाढतो, जनावरं लंगडतात. युरोपीय संघाच्या बंदीमागेही जनावरांचे हालच होते. अमेरिकेत परवानगी कायम आहे.

राहिला मुलींचा प्रश्न. ऑक्सिटोसिन ही नऊ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी, गायीचं ग्रोथ हार्मोन १९१ अमिनो आम्लांचं प्रथिन. पोटात गेल्यावर दोन्हींचं तेच होतं जे डाळीतल्या प्रथिनांचं होतं. शिवाय गायीचं ग्रोथ हार्मोन माणसाच्या शरीरात लागूच पडत नाही. १९५०च्या दशकात वाढ खुंटलेल्या मुलांना ते थेट टोचूनही पाहिलं होतं, उंची वाढली नाही. आठ वर्षांच्या आत मुलीत बदल दिसू लागले तर बालरोगतज्ज्ञाला दाखवा. दूध बंद करून बघू म्हणत सहा महिने घालवू नका.

याचा अर्थ तबेलेवाल्याला क्लीन चिट असा नाही. दूध काढण्यासाठी जनावराला अपायकारक इंजेक्शन देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. तक्रार जरूर करा, पण तिच्यात पीडित म्हणून नाव म्हशीचं घाला.